कर्णा आणि कागदी शंकू : एका संग्राहकाचे मनोगत



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याजवळ मी 1960च्या दशकात बडोद्याच्या याच शाळेत पदार्थविज्ञान शिकलो. प्रयोगशाळेच्या कपाटावर त्यांनी जुन्या बाजारातून आणलेला एक कागदी शंकूचा लाउडस्पीकर असे. जुने कर्णे आणि शंकू जमविण्याचा माझा पुढील सारा छंद त्या कपाटापाशी सुरू झाला. आज त्याच छंदाविषयी, आणि त्यात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी, चार शब्द बोलणार आहे.

आरंभीच्या रेडिओसंचाची शक्ती अतिशय तुटपुंजी होती. एकाने कानाला श्रवणयंत्र लावून ऐकावे आणि इतरांनी त्याच्या तोंडाकडे पाहावे, अशी स्थिती. घरातील सर्वांना ऐकू यावे म्हणून पातळ धातूच्या पडद्यापुढे कर्णा बसविण्यात आला. अरुंद गळ्यातून हळूहळू रुंदावत जाणारा हा मार्ग पडद्याचे कंपन बाहेरच्या हवेपर्यंत कार्यक्षमतेने पोहोचवतो. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी 1915 साली हलत्या वेटोळ्याला कर्णा जोडून मोठ्या जनसमुदायाला आवाज ऐकविला. ‘मॅग्नाव्हॉक्स’ हे नाव त्यांचेच. इंग्लंडमधील अँप्लियनच्या काही कर्ण्यांची तोंडे लाकडी पाकळ्या जोडून केलेली असत. ती पाहताना सुतारकामाचे कौतुक अधिक करावे की ध्वनिशास्त्राचे, हे कळत नाही.

मात्र लहान कर्ण्यातून खर्ज नीट उमटत नाही. आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. म्हणून कागदी शंकू पुढे आला. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या 18 इंची शंकूत लोहचुंबकाजवळील लोखंडी पट्टीची थरथर एका बारीक काडीने शंकूच्या टोकाला पोहोचते आणि सारा कागद बोलू लागतो. पुढे 1925 साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी लहान शंकूलाच वेटोळे जोडण्याची जी रचना मांडली, तीच आजच्या बहुतेक लाउडस्पीकरांचा पाया आहे. मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, ते नेमके या स्थित्यंतराच्या काळात. त्यामुळे आपल्याकडील जुन्या घरांच्या माळ्यांवर कर्णा आणि शंकू दोन्ही सापडतात.

संग्राहकाचा खरा कस दुरुस्तीत लागतो. या यंत्रांतील तार केसाइतकी बारीक असते आणि अनेकांचा विद्युत्‌रोध हजार-दोन हजार ओहम असतो. आजच्या ध्वनिवर्धकाला ती जुळत्या ट्रान्सफॉर्मरवाचून जोडू नयेत. जुन्या संचात व्हॉल्व्हचा एकदिश प्रवाह थेट वेटोळ्यातून वाहत असे. तेथे तारांची उलटापालट झाली, तर लोहचुंबक हळूहळू क्षीण होई. म्हणून एका तारेवर रंगीत धाग्याची खूण ठेवीत. काही बैठकी अशुद्ध जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. कालांतराने त्या फुगतात, तडकतात, आणि त्यावर उपाय नाही.

ज्ञान एवढे झाले. आता चूक सांगतो. शाळेत असताना माझे बोट लागून सरांच्या त्या शंकूला भोक पडले. सर रागावले नाहीत. उत्तरपत्रिकेचा कोरा तुकडा फाडून, पातळ खळ लावून, त्यांनी ठिगळ बसविले आणि त्यावर पेन्सिलीने तारीख लिहिली. “दुरुस्ती लपवू नये रे,” एवढेच म्हणाले. निवृत्तीच्या वेळी त्यांनी तो लाउडस्पीकर मला दिला.

पुढे संग्रह वाढला. मुंबईच्या चोरबाजारापर्यंत फेऱ्या होऊ लागल्या आणि माझी नजर चकाकीवर गेली. एका सुट्टीत मी सरांच्या लाउडस्पीकरचा जीर्ण शंकू काढून नवा बसविला. कागद जाड निघाला. आवाज बोथट झाला. ते सुधारता आले असते. पण जुना शंकू मी ठिगळासकट रद्दीत टाकला होता. सरांच्या हातची तारीख गेली, आणि ती मी स्वतः घालविली. सर हयात असताना हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

तेव्हापासून एक नियम पाळतो. मूळ भाग निघाला तरी चिठ्ठी बांधून जपून ठेवायचा. नवे काय बसविले, कोणी व केव्हा, ते लिहून ठेवायचे. कर्ण्याचा उडालेला रंगही आता मी झाकत नाही. वस्तू बोलती करावी, पण तिचे वय पुसू नये.

मित्रहो, तो लाउडस्पीकर आज मी शाळेला परत करीत आहे. प्रयोगशाळेत तो ठेवाल, तेव्हा कृपया त्याला रंग देऊ नका. सोबत एक पाटी दिली आहे. तिच्यावर लिहिले आहे : “शंकू मूळचा नाही. मूळचा शंकू सरांनी दुरुस्त केला होता. तो त्यांच्या विद्यार्थ्याने टाकून दिला.” ही पाटी काढू नये, एवढीच माझी विनंती आहे.