शेवटच्याचा पहिला हक्क



अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये असा एक नियम आहे, की तो ऐकताच कोणाही समतावाद्याला समाधान वाटावे. एखाद्या संघाने आपला खेळाडू ‘वेव्हर’ यादीत टाकला, म्हणजेच त्याच्यावरील हक्क सोडण्याची तयारी दर्शविली, की त्याला उचलण्याची पहिली संधी गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्या संघाला मिळते. अग्रेसराची पाळी सर्वांत शेवटी. मात्र जो उचलेल त्याने खेळाडूचे उर्वरित वेतन द्यावयाचे. खरी मेख या अटीत आहे.

२०१९ पासून ऑगस्टमधील वेव्हरमार्गे होणारी अदलाबदल बंद झाली. हंगामाच्या उत्तरार्धात असे खेळाडू मिळविण्यास ही यादीच प्रमुख वाट उरली. ३१ ऑगस्टपर्यंत संघात दाखल झालेलाच अंतिम फेऱ्यांस पात्र ठरतो.

२०२३ चा ऑगस्ट पाहावा. लॉस एंजेलिस एंजल्सने जुलैअखेर यशाची आस धरून शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडून लुकास जिओलितो व रेनाल्डो लोपेझ हे पिचर आणले; बदल्यात दोन होतकरू तरुण दिले. पुढे पराभवांमागून पराभव झाले. महिना सरण्यापूर्वीच या दोघांसह सहा खेळाडू यादीत गेले. २०२३ मध्ये वेतनखर्च २३ कोटी ३० लाख डॉलरवर गेल्यास लीगचा जादा कर भरावा लागत होता. तो टाळण्याचा हा खटाटोप होता.

आता पहिली पाळी कोणाची? त्या हंगामात ११२ सामने हरलेल्या ओकलंडची आणि १०६ हरलेल्या कॅन्सस सिटीची. जिओलितो, लोपेझ व मॅट मूर या तिघांनाही या संघांनी सोडून दिले. ज्यांचे करार हंगामाबरोबर संपणार, त्यांच्यावर महिनाभराचे वेतन का खर्चावे, हा त्यांचा हिशेब. अशा संघांची नजर किमान वेतनावरील, पुढे अनेक वर्षे ताब्यात राहणाऱ्या तरुणावर असते. हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला त्यात स्थान नाही. अखेर तिघेही क्लीव्हलँडने उचलले. तेथेही आशा फळली नाही. ७६ विजय व ८६ पराभवांवर त्यांचा हंगाम संपला.

रेशनच्या रांगेत पहिला नंबर मिळावा आणि पिशवी रिकामीच घेऊन परतावे, तसे हे झाले. पाळी दुर्बलाला दिली, परंतु पाळीचा उपयोग करण्याचे बळ व इच्छा मालकाच्या तिजोरीत राहिली.

आणि खेळाडू? जिओलितो सुमारे पाच आठवड्यांत तीन संघांत फिरला. त्याचे वेतन भरभक्कम होते, तेव्हा अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु कोठे जावयाचे, हे त्याला कोणी विचारले नाही. याच प्रश्नावर कर्ट फ्लडने १९६९ मध्ये झालेली आपली बदली नाकारली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. १९७५ च्या डिसेंबरात लवादाच्या निर्णयाने ते बंधन मोडले. त्यामागे मार्व्हिन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडूंची संघटना होती. करार संपल्यावर आज खेळाडू मोकळा होतो, तो या लढ्यामुळे. करार चालू असता यादीत पडलेल्याला उर्वरित वेतनाची शाश्वती आहे, निवडीचा अधिकार नाही.

समतेचा नियम कागदावर आला, म्हणजे काम संपत नाही. त्या नियमाची किंमत कोण मोजतो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो, हे पाहण्याचे काम तेथूनच सुरू होते.