कापराची पुरचुंडी



२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नांदेड-लातूरकडे मोबाईलवरून एक संदेश घरोघर पोहोचला. कापूर, लवंग, ओवा व निलगिरीचे तेल पुरचुंडीत बांधून हुंगत राहिल्यास रक्तातील प्राणवायू वाढतो, असे त्यात छातीठोकपणे लिहिले होते. लिहिणारा कोण, त्याचे शिक्षण काय, हे फारसे कोणी विचारले नाही.

कापूर हुंगल्यावर नाकातील थंडावा जाणणाऱ्या नसा चाळवतात आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातील प्राणवायू मात्र तसूभरही वाढत नाही. कोरोनात तर तो पुष्कळदा धाप न लागताच खालावत असे. पुरचुंडीने बरे वाटावे, ऑक्सिमीटरवरील आकडा ९४ च्या खाली उतरत राहावा आणि दवाखाना गाठण्याची वेळ त्यातच निघून जावी, हा खरा धोका होता. आम्ही कापडवाले पन्हा नजरेने ओळखतो, तरी मीटरपट्टी लावल्यावाचून कात्री चालवत नाही. प्राणाच्या बाबतीत मात्र वासावर विसंबायचे? शिवाय हाच देव्हाऱ्यातील कापूर लहान मुलाच्या पोटात गेला, तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात.

मोबाईलवरील सल्ला सरसकट त्याज्य नव्हे. २५ मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरांना दूरस्थ सल्ल्याची मुभा दिली. मात्र चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असणे आवश्यक ठरविले. समाजाच्या मोबाईल गटावर औषधाचा संदेश टाकणाऱ्याकडे तो क्रमांक मागावा आणि तो न मिळाल्यास संदेश तत्काळ काढून टाकावा, अशी विश्वस्तांना माझी विनंती आहे.