उपरण्याखालचा भाव



मंचरला कांद्याचा लिलाव उरकला की भाव लगेच तुमच्या मोबाइलवर येतो. नारायणगावला टोमॅटोचं क्रेट कितीला गेलं, हे शेतात उभं राहून कळतं. पण बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात चारदाती खिल्लार जोडी कितीला सुटली, हे विचारून बघा. घेणारा, विकणारा आणि दलाल एवढ्यांनाच ते ठाऊक. बाकीचे सांगतील तो अंदाज.

बहात्तरच्या दुष्काळात वडिलांबरोबर मी एका बाजाराला गेलो होतो. चारा संपला होता, जोडी विकायची होती. दलालानं उपरण्याखाली वडिलांची बोटं दाबली, मग तसाच जोडी घेणाऱ्या हेड्याचा हात धरला. दोन हातांना दोन वेगळे आकडे कळले. मधला फरक वडिलांना आठ दिवसांनी समजला. ते कुणाला काही बोलले नाहीत, रिकाम्या दावणीपाशी बसून राहिले. पुढे मी गुरांचा डॉक्टर झालो, पण ते बसणं डोळ्यांपुढून गेलं नाही.

बाजाराला कायदा नाही, असं नाही. आपल्या वऱ्हाडातल्या कारंज्यात 1886 साली कापसाचा नियमन केलेला बाजार सुरू झाला, 1897 साली वऱ्हाडापुरता कायदाही झाला. महाराष्ट्राच्या 1963च्या पणन कायद्याच्या अनुसूचीत गुरं, शेळ्या-मेंढ्या आहेत. बाजारात पावती फाटते. पण बाजार फी किमतीवर असल्यामुळे पावतीवर कमी आकडा घालायचा मोह घेणाऱ्याला होतो, आणि जो आकडा पडतो तो बुकातच राहतो. पुढच्या सोमवारी गाय घेऊन येणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

भाव उघडे करायला लावणारा कायदा अमेरिकेनं 1999 साली केला : मोठ्या कत्तलखान्यांनी जनावरं कोणत्या भावानं घेतली, ते सरकारला कळवायचं आणि सरकारनं ते जाहीर करायचं. तिथला धंदा वेगळा, तो मांसाचा आणि चार मोठ्या कंपन्यांच्या मुठीतला. तरी त्यांच्या अनुभवातली एक गोष्ट आपण नीट पाहावी. बरीचशी खरेदी आधीच्या करारांनी होऊ लागली, उघड सौदे घटले, आणि थोड्या सौद्यांवरचा भाव सगळ्यांचा भाव ठरू लागला. म्हणून 2021 नंतर तिथं नवी विधेयकं मांडावी लागली.

आपल्याकडे हीच गोष्ट गोठ्यात घडते. पहिल्या-दुसऱ्या वेताची संकरित गाय आता बाजारात येतेच असं नाही, व्यापारी दावणीवर येऊन सौदा करतो. 2022च्या सप्टेंबरात गुरांच्या लम्पी रोगामुळे बाजार बंद झाले, तेव्हा दारात येईल त्याचा शब्द हाच भाव होता. म्हणूनच भाव जाहीर करायचा कायदा फक्त बाजारापुरता केला, तर तो अपुरा पडेल.

वाट मात्र तयार आहे. 1 जून 2024 पासून आपल्या राज्यात कानात बिल्ला असल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्यावरच्या बारा अंकांवर मालक बदलल्याची नोंद होते. त्याच नोंदीत किंमत, वय, वेत आणि दूध एवढं लिहायला काय अडचण आहे? माणसांची नावं झाकावीत, आकडे उघडे ठेवावेत. बाजार असेल तिथं त्याच संध्याकाळी फलकावर, गोठ्यातले सौदे आठवड्याला तालुक्याच्या ठिकाणी. आणि बाजार फी किमतीवर न घेता दर जनावरामागे ठरावीक घ्यावी, म्हणजे पावतीवर खरा आकडा लिहायला कुणी कचरणार नाही.

या मागण्यांचा ठराव आपण करणार आहोत, त्याच्या मसुद्यात मी आणखी एक कलम घालायला सुचवतो. शर्यतीच्या बैलांची नोंद वेगळी ठेवावी. 2023च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यतींचा मार्ग मोकळा झाल्यापासून एकेका खोंडाचे लाखांतले आकडे ऐकू येतात. ते औताच्या बैलांत मिसळले, तर सरासरी फुगेल आणि आषाढाच्या तोंडावर जोडी घ्यायला निघालेला माणूस फलक वाचून घरी परत येईल.