क्रँकशाफ्ट आणि ऑइल पॅन: खरेदी एकत्र करा

फौजेत माझी बरीच वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथला एक धडा ड्रॅग रेसिंगच्या इंजिनालाही लागू पडतो: ताकद वाढवायची असेल तर आधी तेलाची सोय बघा.

ड्रॅग रेस मूळची अमेरिकेची. सरळ रस्ता, 402 मीटर, खेळ काही सेकंदांचा. तिथलं लोकप्रिय उदाहरण घेऊ. शेव्हरोलेचं 350 घनइंचाचं व्ही-8 इंजिन. त्याचा स्ट्रोक 3.48 इंच. सिलिंडर 0.030 इंचानं मोठे करून 3.75 इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट बसवला, की ते 383 होतं.

क्रँकशाफ्ट तीन प्रकारचे. ओतीव लोखंडाचा स्वस्त. बेताच्या ताकदीला पुरतो. घडीव पोलादाचा, विशेषतः 4340 जातीचा, जास्त मार सोसतो. नायट्रस किंवा टर्बो लावायचा असेल तर हाच घ्या. अखंड पोलादी ठोकळ्यातून कोरलेला सर्वांत महाग. तो मोठ्या स्पर्धकांसाठी. कुठलाही घ्या, पण पिस्टन आणि रॉडच्या वजनाप्रमाणे बॅलन्स करून घ्या. 7000 आरपीएमला तो सेकंदाला सुमारे 117 वेळा फिरतो.

आता पॅन. स्ट्रोक वाढला म्हणजे क्रँकपिन केंद्रापासून जवळजवळ साडेतीन मिलिमीटर बाहेर गेली. रॉडचे बोल्ट ब्लॉकला किंवा पॅनला घासू शकतात. म्हणून सगळं जुळवून क्रँक हातानं पूर्ण फिरवून पाहा. 1986 पासून या इंजिनाचं मागचं सील बदललं, त्यामुळे जुना-नवा पॅन सरसकट बसत नाही. ब्लॉकचं साल विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरा धोका पुढे आहे. एक जी वेगवाढ म्हणजे तेलाला 45 अंशांचा चढच. तेल मागे धावतं. या पॅनचा खोल भाग मागेच असतो, म्हणून सुटताना पिकअपला तेल मिळतं. पण ते मागच्या भिंतीवरून क्रँकपर्यंत चढू नये यासाठी आडवी पत्री लागते. क्रँकनं घुसळून तेलाचा फेस होऊ नये म्हणून मध्ये विंडेज ट्रे लागतो.

शर्यत संपली की ब्रेक लागतो आणि तेल पुढे पळतं. इंजिन अजून जोरात फिरतंय आणि पिकअप कोरडा! बेअरिंग तिथेच जळतं. म्हणून तेल मागेच अडवणारी, एकाच बाजूला उघडणारी झडप असलेला पॅन घ्या. पिकअप आणि तळ यांत सहा ते दहा मिलिमीटर अंतर ठेवा.

आणि गळती? तेल मागच्या चाकाखाली आलं तर गाडी भिंतीवर जाते. तिथे इंजिनाचा नाही, माणसाचा प्रश्न असतो.

तेव्हा सगळं बजेट क्रँकवर उडवू नका. पॅन, पिकअप आणि ट्रे यांचे पैसे आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात बसेल तो क्रँक घ्या.

जय हिंद.