मासळीसाठी डोंगरात झाडं
(प्रभागसंघाच्या सभेतील मनोगत)

लेक-जावई जपानात असतात, म्हणून मागच्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडं गेलो. होक्काइदो बेटावरच्या एका कोळ्यांच्या गावी त्यांनी जत्रेला नेलं. या दिवसांत सामन मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत परततो, त्याची ही जत्रा. होड्यांवर रंगीत निशाणं, मोठ्या लोखंडी तव्यावर सामन, कोबी, कांदा. तव्यापाशी मच्छीमार सोसायटीच्या महिला गटाच्या बाया.

लेकीकरवी मी एका आजींना विचारलं, "यंदा मासळी कशी?"

"कमी. पण आम्ही झाडं लावतो."

मला हसूच आलं. मग त्यांनी समजावलं. डोंगर बोडका झाला की माती नदीतून समुद्रात येते, किनारा मरतो. म्हणून १९८८ पासून होक्काइदोतल्या कोळीणबाया डोंगरात रोपं लावतात.

मी गप्प झाले. आपल्या खाडीतली कांदळं सरपणाला तोडणाऱ्यांत मीही होते. कोळंबीची पिल्लं तिथंच वाढतात ना! गटात आपण व्याजाचा पै-पैचा हिशोब ठेवतो, अन् खाडीची मुद्दलच खातो.

माझा कोयता आजपासून बंद. येत्या बैठकीत हा विषय घ्या. सांगा, कोण कोण येतंय सोबत?