यादीतलं रुग्णालय

आरोग्य विम्याचं कार्ड घरात असतं. पण जवळचं कोणतं रुग्णालय कंपनीच्या यादीत आहे, हे आजच पाहून ठेवा. यादीतल्या रुग्णालयाशी कंपनीने दर आधीच ठरवलेले असतात आणि मंजूर बिल ती परस्पर भागवते. यादीबाहेर बहुतेकदा पैसे आधी आपण भरायचे, मग मागायचे.

यादीतही खोलीभाड्याची मर्यादा बघाच. मर्यादा रोज 5,000 रुपये असताना 10,000ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्चसुद्धा निम्माच मिळतो. लोकांना हे डिस्चार्जच्या दिवशी कळतं, याचं फार वाईट वाटतं.

आणि हो, 2024च्या नियमानुसार घरी सोडताना कंपनीने 3 तासांत मंजुरी द्यायची असते. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची.