वाटेचा हक्क आणि भाड्याचा पैसा
(सिल्वासा येथील सभेतील भाषण)



या भूमीच्या वाटांचा खटला एकदा थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला होता. दमणहून दादरा व नगरहवेलीत ये-जा करण्याचा आपणांस हक्क आहे, असा पोर्तुगालचा दावा होता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना १९५४ साली तो हक्क होता, फौजेला नव्हता. भारताने वावगे काही केले नाही. ते राज्य गेले, फौजही गेली. वाटेचा प्रश्न मात्र म्हाताऱ्या माणसांपुरता अजून शिल्लक आहे!

२६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्राच्या एस.टी.त पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना भाडे माफ आहे. परंतु ही माफी राज्याच्या हद्दीपर्यंतच. तलासरीची आजी सिल्वासाला लेकीकडे निघाली, तर वेशीअलीकडे ती सन्माननीय ज्येष्ठ नागरिक आणि वेशीपलीकडे केवळ एक उतारू. आमचेही तेच. दादऱ्याहून सिल्वासाला यायचे तर मध्ये गुजरातची पट्टी लागते. आगगाडी धरायची तर वापीचे स्टेशनही गुजरातेत. अवघ्या ४९१ चौरस किलोमीटरच्या या मुलखातला माणूस वेस न ओलांडता जाणार तरी कोठे?

पण या प्रवासाला ‘फुकट’ म्हणण्याची चूक आम्ही करणार नाही. वाहक आजीला शून्य रकमेचे तिकीट देतो, तेव्हा त्या भाड्याचा आकडा महामंडळाच्या हिशेबात चढतो आणि तो पैसा सरकारकडे मागितला जातो. या व्यवहाराला प्रतिपूर्ती असे भारदस्त नाव आहे. ती वेळेवर आली तर डिझेल येते, पगार होतो. ती रखडली तर आजीचा प्रवास चालकाच्या चुलीवर होतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळलेला एस.टी.चा संप कोण विसरेल? तूट भाडेवाढीने भरू म्हणाल, तर जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढलेच आहे; त्यावर आणखी भार म्हणजे मजुराच्या खिशातून सरकारचे औदार्य.

इंग्लंडात एप्रिल २००८ पासून वृद्ध व दिव्यांगांना गर्दीची वेळ सोडून देशभर स्थानिक बस मोफत आहे. बसवाल्यांना भरपाई देण्याचे तेथील सूत्र असे, की सवलतीपायी त्यांचा फायदाही होऊ नये आणि तोटाही होऊ नये. (वेल्सची हद्द आली की तेथील पासही सहसा चालत नाही. वेस साहेबालाही सुटलेली नाही!)

म्हणून आमची मागणी केवळ सवलतीची नाही, तिच्या पैशाची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८८ खाली राज्याराज्यांत बसगाड्यांचे करार होतात. महाराष्ट्र, गुजरात आणि या प्रदेशाचे प्रशासन यांनी त्यांतच एक कलम घालावे. वृद्धांची व दिव्यांगांची ओळखपत्रे परस्परांनी मानावीत आणि प्रवासी जेथला रहिवासी, त्या सरकारने भाडे भरावे. तिकिटाच्या यंत्रातून हिशेब निघतोच. रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी आणि दर तिमाहीस आगाऊ द्यावी. आणि ज्या दिव्यांगाला बसची पायरीच चढवत नाही, त्याच्यासाठी उतरत्या फळीचा खर्चही याच रकमेत धरावा.

निवेदन दाराशी ठेवले आहे. पहिल्या सह्या वृद्धांच्या व दिव्यांगांच्या असू द्या. त्यांखाली, आमची विनंती आहे, बसच्या चालक-वाहकांनी करावी.